भाड्यासाठी फ्लॅट घेताना: मालकी वाढवायची की महिन्याची मिळकत बघायची?

चिंचवडची_माधवी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. आकड्यांशिवाय सल्ला देणं अवघड, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माहेरच्या जमिनीच्या वाटणीतून माझ्या वाट्याला ४२ लाख आले. राहतं घर आमचं आहे, त्यावर कर्ज नाही. मी शाळेत शिकवते, नवरा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. हा पैसा भाड्याने देण्याच्या घरात घालायचा, इथपर्यंत दोघांचं एकमत आहे. त्यापुढे गाडी अडली आहे.

पहिला पर्याय वाकडचा. तयार २ बीएचके, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेलं आहे. किंमत ८५ लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी, एजंटचं कमिशन धरून ९२ लाखांपर्यंत जाईल. म्हणजे ५० लाख कर्ज. २० वर्षं, ८ टक्के, हप्ता ४१,८२२ रुपये. भाडं २७,००० येईल असं तिथले दोन एजंट म्हणतात.

दुसरा आकुर्डीचा. जुन्या सोसायटीत १ बीएचके, ३८ लाखांना. सगळा खर्च धरून ४१ लाखांच्या थोडं वर. कर्ज काढावं लागणार नाही. भाडं १४,५००.

नवऱ्याचं म्हणणं असं की वाकडला अर्ध्याहून जास्त हप्ता भाडेकरूच भरणार, आपण वरचे थोडे घालायचे आणि २० वर्षांनी मोठ्या फ्लॅटचे मालक व्हायचं. मला आकुर्डी बरं वाटतं, कारण पहिल्या महिन्यापासून पैसे हातात येतील. सासूबाईंची तब्येत बघता चार-पाच वर्षांत मला पूर्णवेळ नोकरी सोडावी लागेल अशी चिन्हं आहेत. तुमच्यापैकी ज्यांनी भाड्यासाठी घर घेतलं आहे त्यांनी कृपया सांगा, कशाला जास्त वजन द्यावं?

पिंपळे_सौदागर

वाकड डोळे झाकून घ्या. हिंजवडी जवळ, भाडेकरूंना तोटा नाही. पुण्यात घराचे भाव खाली येत नाहीत.

रानफूल

@पिंपळे_सौदागर, खाली आले नसतील, पण थांबले होते हे नक्की. २०१४-१५ नंतरची काही वर्षं आठवा. बांधून पडलेली घरं खूप, त्यात नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, मग २०१७ मध्ये आधी रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) आणि दोन महिन्यांत जीएसटी. त्या काळात घेतलेल्या अनेकांना पाच वर्षांनी विकताना खरेदीची किंमत आणि मुद्रांक शुल्क एवढंच जेमतेम परत मिळत होतं. व्याज गेलं ते गेलंच. "भाव वाढणारच" या एका वाक्यावर ५० लाखांचं कर्ज उभं करू नये.

औंधकर

माधवी, तू आकडे नीट दिलेस त्यामुळे बोलता येतं. मी निवृत्तीपर्यंत बँकेत गृहकर्जाच्याच खात्यात होतो, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

"अर्धा हप्ता भाडेकरू भरतो" हे वाक्य फार ऐकायला मिळतं. आधी हप्ता उघडून बघू. ५० लाखांवर ८ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याज ३३,३३३ रुपये. ४१,८२२ मधून ते वजा केलं की मुद्दलात जातात ८,४८९ रुपये. तुझी मालकी पहिल्या महिन्यात तेवढ्याने वाढली. पहिल्या अख्ख्या वर्षात मुद्दल फिटतं सुमारे १ लाख ६ हजार. पाच वर्षांत तू २५ लाख ९ हजार भरतेस आणि त्यातले मुद्दलात जातात सव्वासहा लाख. अर्धं कर्ज, म्हणजे २५ लाख, फिटायला साडेतेरा वर्षं लागतात. शेवटच्या साडेसहा वर्षांत उरलेलं अर्धं फिटतं. मालकी वाढते ती अशी, मागच्या बाजूला.

आता भाडं. २७,००० हा आकडा एजंटचा, तुझ्या खात्यातला नव्हे. वर्षात सरासरी एक महिना घर रिकामं धर, २४,७५० राहिले. मेंटेनन्स ३,५००, मिळकतकर (महापालिकेचा घरावरचा कर) महिन्याला १,३००, रंग-नळ-गीझर-एजंट मिळून १,४५०. हातात १८,५०० राहतात.

म्हणजे भाडेकरूच्या पैशातून व्याजसुद्धा पूर्ण भागत नाही. ३३,३३३ व्याज, त्यातले १८,५०० त्याचे, उरलेले १४,८३३ तुझे. वरचं ८,४८९ चं मुद्दलही तूच भरतेस. एकूण दरमहा २३,३२२ रुपये तुमच्या दोघांच्या पगारातून जाणार. यात ८,४८९ बचत आहे असं म्हण, हरकत नाही. पण १४,८३३ हा निव्वळ खर्च आहे, वर्षाला १ लाख ७८ हजार.

त्यात तुझे ४२ लाख. ते बँकेत ६.५ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला २ लाख ७३ हजार आले असते. दोन्ही मिळून साडेचार लाख. ८५ लाखांच्या फ्लॅटचा भाव वर्षाला सव्वापाच टक्क्यांहून जास्त वाढला, तरच तू मुदत ठेवीच्या बरोबरीला येतेस. मुद्रांक शुल्कात गेलेले पैसे यात धरलेलेच नाहीत.

वाकड वाईट आहे असं मी म्हणत नाही. वाकड म्हणजे भाववाढीवर लावलेला पैसा आहे, आणि ते माहीत असूनच तो लावावा.

खराडीवाला_अभि

काका, गणित बरोबर आहे, पण ते पहिल्या वर्षाचं आहे. माझा अनुभव सांगतो. २००९ च्या सुमारास खराडीला घेतला तेव्हा भाडं हप्त्याच्या निम्मं होतं. दरवर्षी करार नव्याने करताना भाडं थोडं थोडं वाढत गेलं. हप्ता तेवढाच राहिला, पगार वाढला, बोनसमधून मुद्दल भरत गेलो. दहाव्या वर्षाच्या आसपास भाडं हप्त्याच्या पुढे गेलं. आज कर्ज नाही आणि भाडं पूर्ण हातात येतं.

आणखी एक गोष्ट. हप्ता नसता तर ते पैसे मी बाजूला टाकले असते का? प्रामाणिक उत्तर "नाही" असंच आहे. हप्ता आहे म्हणून बचत झाली. ज्यांच्या हातात पैसा टिकत नाही त्यांना मालकी वाढवणारा मार्गच बरा.

औंधकर

अभि, तुझं अगदी योग्य आहे आणि अशी अनेक खाती मी पाहिली आहेत. पण तुझ्या बाबतीत तीन गोष्टी जुळून आल्या: पगार वाढत राहिला, खराडी त्या वर्षांत पूर्ण बदलली आणि तू मधेमधे मुद्दल भरलंस. माधवीच्या घरात चार-पाच वर्षांनी एक पगार कमी होणार आहे. जेव्हा तुझं ओझं हलकं झालं, नेमकं तेव्हा तिचं वाढणार.

"हप्ता तेवढाच राहिला" यावरही एक. गृहकर्ज आता रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला, बांधलेलं असतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. बऱ्याच लोकांचा हप्ता बदलला नाही, मुदत लांबली, आणि त्यांना ते वर्षभराने कळलं. माधवीच्या कर्जाचा दर सुरुवातीलाच ८ वरून ९.५ झाला आणि हप्ता ४१,८२२ च ठेवला, तर २० वर्षांचं कर्ज जवळपास ३१ वर्षांवर जातं. महिन्याला मुद्दलात पडतात २,२०० च्या आसपास. दर वाढला की हप्ता वाढवून घ्यायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितलं आहे. तो पर्याय वापरा, पत्र आलं की ड्रॉवरमध्ये टाकू नका.

सई_टेक्सास

आम्ही डॅलसजवळ राहतो, इथे भाड्याची दोन घरं आहेत. हाच वाद इथल्या आमच्या मराठी मंडळातही चालतो, पण एक मोठा फरक आहे. इथे ३० वर्षांचं कर्ज एकाच ठरलेल्या दराने मिळतं. दर वाढले तरी जुन्या कर्जाला धक्का नाही, खाली आले तर नवं कर्ज काढून जुनं फेडता येतं. त्यामुळे अभि म्हणतात ते, भाडं वाढतं आणि हप्ता थांबतो, ते इथे जास्त खात्रीने घडतं.

मुद्दलाचं मात्र इथेही तेच. ३ लाख डॉलर, ७ टक्के, ३० वर्षं: हप्ता १,९९६ डॉलर, पहिल्या महिन्यात मुद्दल फक्त २४६. आणि टेक्साससारख्या राज्यात मिळकतकर घराच्या किमतीच्या २ टक्क्यांच्या आसपास जातो. स्वतः राहत असलेल्या घराचं करपात्र मूल्य वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, भाड्याच्या घराला ते संरक्षण नाही. गारपिटीमुळे विम्याचा हप्ता चढतो तो वेगळाच. हप्ता ठरलेला, पण त्याच्या शेजारी बसलेले खर्च ठरलेले नाहीत, हे आम्ही प्रत्यक्ष पाहतो आहोत.

इथले काही जण ओहायोकडे स्वस्त घरं घेतात. पहिल्या महिन्यापासून पैसे सुटतात, पण वर्षानुवर्षं किंमत फारशी हलत नाही, आणि घरं जुनी असल्यामुळे छप्पर किंवा घर गरम ठेवणारी भट्टी बदलायची वेळ आली की वर्षभराची मिळकत त्यात जाते. माधवीताई, आकुर्डीची इमारत किती जुनी आहे ते त्यासाठी नक्की बघा.

कोथरूड_घरमालक

कोणी लिहिलं नाही म्हणून भाड्याचे बारीक खर्च सांगतो.

सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल बिनभोगवटा शुल्क लावते. महाराष्ट्र सरकारच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. जास्त मागितलं तर आदेश दाखवा. पुणे मनपा हद्दीत स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत असते, भाड्याने दिलं की ती जाते. तुमचे दोन्ही फ्लॅट पिंपरी-चिंचवडचे, तिथलं बिल विक्रेत्याकडून मागून घ्या आणि भाड्याने दिल्यावर किती होईल ते कार्यालयात विचारा.

लिव्ह अँड लायसन्स करार (नेहमीचा भाडेकरार) नोंदवणं भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचं आहे आणि न नोंदवल्याची जबाबदारी मालकावर येते. ऑनलाइन होतं, खर्च फार नाही. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं विसरू नका.

आणि खरेदी एकट्या बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. वाकडला ते ८५,००० होतात. पैसा तुमच्या माहेरचा आहे, तर घरही तुमच्याच नावावर असू दे. नवरा कर्जात सहकर्जदार राहू शकतो.

रानफूल

शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा सहमत.

सीए_गौरी

कराबद्दल. माधवी, तुम्ही दोघं नव्या करप्रणालीत आहात का? त्यावर बरंच अवलंबून आहे.

भाड्याच्या घराचं गणित असं: वर्षाचं भाडं, वजा भरलेला मिळकतकर, त्यातून सरसकट ३० टक्के वजावट, मग कर्जाचं व्याज. वाकडला ३ लाख २४ हजार भाडं धरलं तर मिळकतकर आणि ३० टक्के जाऊन सुमारे २ लाख १६ हजार राहतात, आणि पहिल्या वर्षाचं व्याज ३ लाख ९६ हजार. म्हणजे कागदावर १ लाख ८० हजार तोटा. जुन्या प्रणालीत हा तोटा पगारातून वजा होतो, मर्यादा वर्षाला २ लाख. ३० टक्क्यांच्या गटात असाल तर ५६,००० च्या आसपास कर वाचतो. नव्या प्रणालीत हा तोटा पगारातून वजा करता येत नाही. भाड्यावर कर लागत नाही, एवढाच फायदा.

आकुर्डीला व्याज नाही, त्यामुळे १ लाख १८ हजारांच्या आसपास उत्पन्न करपात्र. २० टक्क्यांच्या गटात वर्षाला साधारण २४,५०० कर. औंधकर काकांच्या पद्धतीने हिशेब केलात तर हे वजा करायला विसरू नका. आणि मुदत ठेवीच्या व्याजावर तर पूर्ण कर लागतो, ३० टक्के वजावट तिथे नाही.

विकताना दोन वर्षांनंतर नफ्यावर १२.५ टक्के कर, खरेदीची किंमत महागाईच्या निर्देशांकाने वाढवून आता धरता येत नाही. जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्यांना जुना हिशेब की नवा हे निवडायची मुभा आहे, तुम्हाला नाही.

चिंचवडची_माधवी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याला हा धागा वाचून दाखवला. आम्ही दोघं नव्या करप्रणालीत आहोत, त्यामुळे गौरीताईंनी सांगितलेली पगारातली वजावट मिळणार नाही.

नवऱ्याचा एक प्रश्न आहे आणि मला तो रास्त वाटतो. आकुर्डीलाही हातात फार काही येत नाही. काकांच्या पद्धतीने एक महिना रिकामा, मेंटेनन्स, कर, दुरुस्ती काढली तर महिन्याला १०,३०० राहतात. ४१ लाखांवर ते ३ टक्के. मग मुदत ठेव काय वाईट? आणि वाकडच्या भाववाढीवर पाणी का सोडायचं?

औंधकर

तुझ्या नवऱ्याने बरोबर जागी बोट ठेवलं. आपल्याकडे राहण्यासाठी दिलेल्या घराच्या भाड्यातून मिळकत अशी २-३ टक्क्यांचीच असते. दुकानाच्या गाळ्याला जास्त मिळते, पण गाळा रिकामा पडला तर महिनोन्‌महिने पडतो.

म्हणून दोन्ही पर्याय एकाच खिशातून तपासावे लागतील. वाकड घेतलंत तर दरमहा २३,३२२ खिशातून जातात. आकुर्डी घेतलंत तर ते वाचतात आणि १०,३०० येतात. म्हणजे ३३,६२२ बाजूला टाकता येतात. समजा ते ६.५ टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकलेत. पाच वर्षांनी २३ लाख ७६ हजार होतात.

भाव वर्षाला ५ टक्के वाढले: वाकडचा फ्लॅट १०८ लाख ४८ हजारांचा, कर्ज शिल्लक ४३ लाख ७६ हजार, तुझं ६४ लाख ७२ हजार. आकुर्डी ४८ लाख ५० हजार आणि ठेव, मिळून ७२ लाख २६ हजार.

भाव ८ टक्के वाढले: वाकड ८१ लाख १३ हजार, आकुर्डी ७९ लाख ५९ हजार.

साडेसात टक्क्यांवर दोन्ही बरोबरीत येतात. भाडेवाढ धरली तर वाकडला पाऊण-एक लाख जास्त मिळतील, गौरीने सांगितलेला कर आणि ठेवीच्या व्याजावरचा कर धरला तर आकुर्डीचे दोन-तीन लाख कमी होतील. दोन्ही मिळून बरोबरीचा आकडा सहा-साडेसहापर्यंत खाली येईल असा माझा अंदाज. त्यात जुन्या इमारतीचा भाव नव्या इमारतीच्या वेगाने वाढेलच असं नाही, हेही वाकडच्या बाजूने धर.

म्हणजे पैशाच्या हिशेबात दोन्ही जवळजवळ आहेत. फरक आहे तो पाचव्या वर्षी. तू शाळा सोडलीस त्या महिन्यात वाकडची वाढलेली मालकी किराणा आणून देत नाही. ती वापरायची तर फ्लॅट विकायचा किंवा त्यावर आणखी कर्ज काढायचं, आणि एक पगार गेलेल्या घराला बँक कर्ज देताना हात आखडता घेते. ते मी टेबलाच्या पलीकडून वर्षानुवर्षं पाहिलं आहे. आकुर्डीचं भाडं आणि ठेव मात्र त्याच महिन्यात उपयोगी पडतात.

एकच अट. ते ३३,६२२ खरोखर बाजूला पडले पाहिजेत. अभिने लिहिलेली अडचण खरी आहे. पगाराच्या दिवशीच खात्यातून आपोआप कापले जातील अशी सोय करा. तसं होणार नसेल तर माझा हा सगळा तक्ता चुकीचा आहे आणि वाकड घ्या.

खराडीवाला_अभि

काका, हे मान्य. दोन पगार टिकणार असतील तर मी आजही वाकडच म्हणेन. इथे परिस्थिती वेगळी आहे.

पिंपळे_सौदागर

मधला मार्ग? आकुर्डी-चिंचवडलाच थोडा नवा, ५२-५५ लाखांचा १ बीएचके बघा. १५ लाखांच्या आसपास कर्ज, भाड्यातून हप्ता जवळजवळ निघेल, आणि शाळेतली नोकरी सुटायच्या आधी ते फेडून टाका.

रानफूल

हे पटलं. १५ लाखांना ८ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साडेबारा हजार होतो. मुदत लांब ठेवून हप्ता छोटा घ्यायचा आणि जमेल तसं मुद्दल भरायचं. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो.

चिंचवडची_माधवी

हा तिसरा पर्याय आमच्या डोक्यातच नव्हता. नवराही तयार झाला आहे, कारण थोडं कर्ज आहे, थोडी मालकी वाढते आहे, आणि माझी नोकरी सुटली तरी छाती दडपणार नाही. चिंचवड स्टेशनच्या बाजूला एक ५३ लाखांचा फ्लॅट कळला आहे, इमारत १४ वर्षांची. रविवारी बघायला जातोय. तिथे काय काय विचारायचं?

औंधकर

भोगवटा प्रमाणपत्र आणि कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर झाल्याचा दस्त), आधी हे दोन. जमीन अजून बिल्डरच्या नावावर असेल तर उद्या पुनर्विकासाच्या वेळी सोसायटी अडकते. मानीव अभिहस्तांतरणासाठी (बिल्डरने सही केली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी) अर्ज केला आहे का, ते सचिवांना विचार. सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठीच्या राखीव निधीत) किती शिल्लक आहे, मागच्या दोन सर्वसाधारण सभांच्या इतिवृत्तात लिफ्ट, गळती किंवा पाण्याच्या टँकरचा विषय आहे का, ते वाच. विक्रेत्याची मेंटेनन्सची थकबाकी नाही असा दाखला घे.

आणि त्याच इमारतीत भाड्याने राहणाऱ्या कुणाला तरी गाठून तो किती भाडं देतो ते विचार. एजंटच्या आकड्यावर जाऊ नकोस. मिळालेले आकडे इथे टाक, पुन्हा बसून हिशेब करू.

कोथरूड_घरमालक

पार्किंग करारात लिहिलेलं आहे का तेही बघा. दुचाकीला जागा नसेल तर चिंचवडला चांगला भाडेकरू टिकत नाही.